यंदाची वाट कुणाच्या रानातून

ट्रॅक्टर रस्त्यावर धडधडत उभा होता आणि त्याच्या पुढ्यात धाकटी कमरेवर हात ठेवून शिंप्याशी भांडत होती. ट्रॅक्टरवाल्याला कसलीच घाई नव्हती. तासावर काम करणारा माणूस दुसऱ्याचं भांडण कधी सोडवत नाही. तो स्टिअरिंगवर कोपर टेकून तंबाखू मळत होता आणि मधूनमधून "अहो, जाऊ द्या" म्हणत होता. पण इतक्या हळू, की चुकून कुणाला ऐकू जाऊ नये.

"शिंपीभाऊ, यंदा पाळी तुमची. ट्रॅक्टर कुठनं घालू तेवढं सांगा. ओल चाललीय माझ्या रानातली."

शिंपी बांधावर उकिडवा बसला होता. हा माणूस समोरच्याकडे बघायचा तेव्हा अंगाचं माप घेतल्यासारखा बघायचा, खांद्यापासून सुरू करून घोट्यापर्यंत. आज मात्र त्याची नजर धाकटीच्या चपलेच्या वर चढायला तयार नव्हती.

"पाळी माझीच, नाही कुठं म्हणतोय वहिनी. पण रान माझ्या हातात राहिलंय का आता? भाड्यानं गेलं, माझ्या हयातीपुरतं तरी गेलंच. आणि सही करून दिलीय, की ह्यातनं कुणाची ये-जा नाही म्हणून."

"ये-जा नाही? मग इतकी वर्षं मी काय उडत जात होते?"

"तसं नाही हो. पैलवानाला विचारून बघा की."

"पैलवानाची पाळी गेल्या वर्षी झाली."

"मग थोरल्यांना विचारा."

"त्यांची पुढल्या वर्षी."

"तेच की," शिंपी मातीला म्हणाला, "ज्याची त्याची अडचण."

हे पाळीचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोम त्यातच आहे. रस्त्याला लागून तीन पट्टे. पहिला थोरल्यांचा, म्हणजे धाकटीच्या मोठ्या दिरांचा, मधला शिंप्याचा, तिसरा पैलवानाचा. तिन्ही रस्त्यापासून आत लांब गेलेले, हाताच्या बोटांसारखे. बोटं जिथं संपतात तिथं तळव्यासारखं आडवं पसरलेलं रान धाकटीचं. तिच्या मागं ओढ्याची सरळ तुटलेली दरड, बाजूला जुन्या खाणीचा खड्डा. म्हणजे धाकटीला रानात जायचं तर तिघांपैकी एकाच्या रानातून जाणं आलं. पण विहीर होती धाकटीच्या रानात. म्हणजे तिघांना पाणी हवं तर तिच्याकडे येणं आलं.

मागल्या पिढीनं यातून मोठा सुबक हिशेब बसवला होता. गाडी जाईल एवढी पट्टी दरवर्षी एकानं पेरायची सोडून द्यायची. एका वर्षी पैलवानाच्या रानातून वाट, पुढच्या वर्षी शिंप्याच्या, मग थोरल्यांच्या, मग पुन्हा पैलवान. वर्ष सरलं की ज्याची त्यानं पट्टी नांगरून टाकायची, तिथं पीक घ्यायचं आणि वाट शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसायची. नुकसान सगळ्यांना सारखं, पाणी सगळ्यांना सारखं. गावातली बाकीची मंडळी वीतभर बांधापायी एकमेकांची डोकी फोडत होती तेव्हा या चौघांत कधी वाकडा शब्द नव्हता. चहा करून विहिरीवर बसायचं, "यंदाची वाट कुणाच्या रानातून?" एवढं विचारायचं, ज्याची पाळी त्यानं हात वर करायचा, संपलं.

पुढे प्रत्येकानं आपापली बोअर मारली. विहिरीचं काम संपलं. पाणी घ्यायचं थांबलं तरी वाट द्यायची थांबली नाही. सवय म्हणा, लाज म्हणा. लाज तशी टिकाऊ वस्तू आहे. तिला कुणी बरा भाव सांगेपर्यंत ती टिकते.

भाव सांगणारा पांढऱ्या गाडीतून आला. उन्हावर वीज करणाऱ्या कंपनीचा माणूस. काळा चष्मा, गोड बोलणं, वय पस्तिशीच्या आतबाहेर. गावानं त्याचं नाव 'जावई' ठेवलं, कारण तो आला की घराघरातून खुर्ची बाहेर यायची आणि ज्या घरातली खुर्ची मोडकी होती ते घर शेजारची मागून आणायचं. जावयानं आधी रस्त्याकडचे तीन पट्टे धरले. पेरायचं नाही, खुरपायचं नाही, आभाळाकडे डोळे लावायचे नाहीत. रान कंपनीला द्यायचं आणि सावलीत बसायचं. कष्टानं वाकलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं तर तो काय करणार? शिंप्यानं सही केली ती डोळ्यांत पाणी आणून. त्यात खोट काढायला जागा नाही.

धाकटी त्या दिवशी ट्रॅक्टर तिथंच ठेवून पैलवानाकडे गेली. हा पैलवान म्हणजे वारा जोरात सुटला तर दाराची कडी धरून उभा राहणारा माणूस. नाव कुणी तरी चेष्टेनं ठेवलं आणि यानं ते मनावर घेतलं. दंड वळवत म्हणाला, "वहिनी, गेल्या वर्षी माझ्या रानातनं तुमची गाडी गेली की नाही? मी एका शब्दानं बोललो? आता पुन्हा मीच? हा कुठला न्याय?"

"न्याय नाही पैलवान, अडचण आहे."

"अडचणीला मी कधी नाही म्हणत नाही. पण पाळी म्हणजे पाळी."

मग ती थोरल्यांच्या दारात गेली. थोरले ओट्यावर बसले होते. उंच, गोरे, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. घरात दोनच माणसं असली तरी सभेला उठून बोलल्यासारखे बोलणारे. धाकटीनं पदर सावरला. केस पांढरे झाले तरी या घरात ती धाकटीच होती आणि या माणसापुढे खुर्चीवर बसायची तिची अजून छाती नव्हती.

"भावजी, शिंपी नाही म्हणतोय."

"चुकतंय त्याचं," थोरले म्हणाले. "पाळी मोडणं बरोबर नाही. माझी पाळी येईल तेव्हा बघ, मी मागं हटणार नाही."

"तुमची पुढल्या वर्षी. तोवर तुमच्या रानात कंपनीचे पत्रे उभे राहतील."

"ते पुढल्या वर्षी बघू."

तिघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत. खोटं बोलणाऱ्याला चारचौघांत गाठता येतं, शपथ घालता येते. पण खरं बोलून हात झटकणाऱ्याचं काय करायचं? धाकटी रस्त्यावर परत आली. ट्रॅक्टरवाल्यानं हात झाडले, ट्रॅक्टर वळवला आणि न नांगरलेल्या रानाचा तास नांगरलेल्या रानाइतकाच मोजून घेतला.

दिवस कोरडे सुटले होते. सकाळपासून वारा वाहायचा, तोही गरम. जमिनीतली ओल रोज बोटभर खाली सरकत होती. मूठभर माती घेऊन दाबली की आधी लाडू व्हायचा. आता ती बोटांच्या फटीतून सांडायला लागली होती. आभाळाला राखेचा रंग आला होता आणि त्या राखेखाली रस्त्याच्या कडेनं सिमेंटचे खांब ट्रकमधून उतरत होते. आडवे पडलेले, एकावर एक, मोजून ठेवलेले.

एका दुपारी धाकटी विहिरीच्या कडेचं गवत काढत असताना जावई आला. एकटाच, शिंप्याच्या रानातून चालत. तिला वाटलं, आता रान मागणार. उत्तर तिनं तयारच ठेवलं होतं, चांगलं तिखट.

"काकू, बसा बसा, उठू नका," जावई म्हणाला. "मी सहज आलो. तुमचं रान काय आम्हाला नकोय."

तिखट उत्तर धाकटीच्या तोंडातच राहिलं.

"नकोय?"

"गरज नाही. तीन पट्ट्यांत भागतंय." तो विहिरीत डोकावला. खाली बघत राहिला. मग एक खडा उचलून आत टाकला आणि कान दिला. पाण्याचा आवाज आला तसा तो हसला. "भरपूर आहे की. आमच्या काचांवर धूळ बसते ना काकू, फार पाणी लागतं धुवायला. ह्या तिघांच्या बोअरना दोन महिनेसुद्धा दम नाही, तपासून घेतलंय आम्ही."

"मग?"

"मग काही नाही." त्यानं हात झटकले. "रान पडीक पडू देऊ नका एवढंच. पडीक रानाचा भाव उतरतो. वाट नसलेल्या पडीक रानाचा तर विचारूच नका."

तो गेल्यावर धाकटीनं पुन्हा खुरपं हातात घेतलं. मागणाऱ्याशी भांडता येतं. न मागता वाट बघत बसणाऱ्याशी कसं भांडायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं तीन बोटं आधी का धरली, ते मात्र तिला आता कळलं. बोटं मिटली की मूठ आपोआप होते.

वाटेसाठी तिनं तहसिलीत अर्ज दिला. अर्जावर मोजणीदार आला. छत्री, घामेजलेला सदरा, दोन गडी. माणूस वाईट नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या बांधावर शिव्या खाऊन थकलेला होता. तिघं शेजारी आले, जावई आला, धाकटीचा नवराही कामावर खाडा करून आला. हायवेवरच्या भाजी भरायच्या गोदामात तो हमाली करायचा. थोरल्या भावापुढे तोंड उघडलं तर दात खाली पडतील अशी त्याची लहानपणापासूनची समजूत असल्यानं तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला.

"हं, दाखवा वाट," मोजणीदार म्हणाला.

"कोणत्या वर्षीची?" धाकटीनं विचारलं.

मोजणीदारानं छत्री जरा मागं केली. "म्हणजे?"

"गेल्या वर्षी ती तिथनं होती, पैलवानाच्या रानातनं. त्याच्या आदल्या वर्षी त्या कडेनं, भावजींच्या. त्याच्या आधी मधनं."

"आता कुठंय?"

"आता शिंपीभाऊंनी द्यायची."

मोजणीदार तिन्ही पट्ट्यांवरून फिरून आला. तिन्हींत नांगरट, ढेकळं, कापणीनंतरचे बुडखे. चाकाचा खोल गेलेला माग कुठंच नव्हता. दरसाल ज्यानं त्यानं आपलं रान इमानानं नांगरून सारखं केलं होतं.

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच उतरला होता, "एकाच जागी पंधरा-वीस वर्षं वहिवाट असती ना, तर मला ती लिहावीच लागली असती. मग कुणाच्या बापाला पुसता आली नसती. पण ही तर दरवर्षी उठून चाललीय."

"ती न्यायानं फिरत होती साहेब. कुणा एकाचं नुकसान नको म्हणून."

"जमिनीवर न्याय दिसत नाही बाई. चाकोरी दिसते."

मग त्यानं तिघांना विचारलं, ही बाई तुमच्या रानातून जात होती का? शिंपी म्हणाला, "अधनंमधनं." पैलवान म्हणाला, "गेल्या वर्षी गेली, पण माझ्या परवानगीनं." थोरल्यांनी घसा साफ केला. "शेजारधर्म म्हणून आम्ही कुणाला कधी अडवलं नाही. हक्क असा काही नव्हता."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलेनं एक ढेकूळ फोडत होता. ते फुटलं तसं त्यानं दुसरं घेतलं.

कायमची वाट आढळली नाही, असं मोजणीदारानं लिहिलं. जावयानं त्याला छत्रीसकट गाडीत बसवलं आणि रस्त्याला सोडलं.

संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "दादाशी बोलू का?"

"काय बोलणार?"

त्यानं दोन घास खाल्ले. "तेच तर सुचत नाही."

"मग जेवा."

"देऊन टाकू या का? दोघांनाही व्हायचं नाही पुढं. मिळेल तो भाव घेऊ."

"कोण देतंय भाव? मागायला आलाय कुठं तो? तो एक साल थांबणार. रान पडीक पडणार, वर गवत येणार, मग येईल. तेव्हा तुम्ही त्याच्या पाया पडाल की घ्या बाबा एकदाचं." तिनं ताटातलं बोट थांबवलं. "अहो, रानाला कोंडलं तर रान कुठं ओरडतं? म्हणून कोंडतात. आत माणूस असला तर?"

"कोण माणूस?"

"तुम्ही नव्हे," धाकटी म्हणाली. "तुम्ही बाहेर. डबा कोण आणणार?"

नवरा पहिल्यांदाच हसला, आणि मग हसणं अर्ध्यावर सोडून तिच्याकडे बघत राहिला. ती चेष्टा करत नव्हती.

अजून खांबच उभे राहत होते, तार यायची होती. पायी जाणाऱ्याला कुणी अडवत नव्हतं. धाकटीनं घर हलवायला सुरुवात केली. डोक्यावर बियाण्याचं पोतं, काखेत घागर. दुसऱ्या खेपेला चूल, तिसऱ्या खेपेला खाट, ती नवऱ्याच्या डोक्यावर. गाय तर स्वतःच चालत आली; तिला पाळीचं काही ठाऊक नव्हतं, तिनं शिंप्याच्या रानातून सरळ जवळची दिशा धरली. विहिरीजवळच्या पडक्या खोपटावर पत्रा टाकला, आणि रात्रीपुरती नव्हे तर राहायलाच धाकटी तिथं बसली.

गावात हसाहशी झाली. पैलवान चहाच्या टपरीवर म्हणाला, "ट्रॅक्टर नाही, औत नाही, वहिनी काय नखांनी नांगरणार?" धाकटीनं नांगरलंच नाही. काठीनं मातीत भोक पाडायचं, हरभऱ्याचे दोन दाणे सोडायचे, पायानं माती लोटायची, की एक पाऊल पुढं. टोकण म्हणतात त्याला. कंबर तीन जागी मोडते, पण ओल खाली गेलेली असली तरी काठी तिथवर पोचते. सकाळपासून ती वाकलेली दिसायची आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारीचं काही हरवलंय, शोधतेय.

खांबांची ओळ पूर्ण झाली. मग काटेरी तारेची भेंडोळी आली. तार ओढणारे मजूर लांबून कुठून तरी आणलेले, कंपनीच्या ट्रकमधून उतरवलेले. त्यांना गावातलं कुणी ओळखत नव्हतं आणि ते कुणाला विचारत नव्हते. त्यांच्यासाठी आलेला पाण्याचा पिंप दुपारपर्यंत चहासारखा तापायचा.

तार धाकटीच्या हद्दीला येऊन पोचली तो दिवस सगळ्यांना बोलावून ठरवला होता. मोजणीदाराला खांबांची जागा बघायची होती म्हणून तो छत्रीसकट आला. शिंपी आणि पैलवान जरा अंतर ठेवून उभे राहिले. शेवटच्या दोन खांबांमधली फट तेवढी उघडी होती.

"थोरले," जावई म्हणाला, "घरातलं माणूस आहे तुमचं. तुम्हीच समजवा. चार लोकांत बरं दिसत नाही."

थोरले फटीतून आत गेले. धोतराचा सोगा हातात धरून, ढेकळं चुकवत. त्यांच्या मुलाला कंपनीच्या फाटकावर नोकरी लागायची होती. शब्द मिळाला होता, हुकूम मिळायचा होता. शब्दाच्या आणि हुकमाच्या मधल्या काळात माणूस फार नम्र होतो.

"धाकटे, ऊठ. चल बाहेर."

धाकटीनं काठी मातीत रोवली, दोन दाणे सोडले. "बसा भावजी. पाणी देते. विहिरीचं प्यायला नाहीत बरेच दिवसांत."

"पाणी प्यायला नाही आलो. हे काय मांडलंयस? ह्या घराण्यातल्या बाईनं रानात खोपट घालून राहायचं? गावात तोंड कसं दाखवायचं मी?"

"जसं मोजणीच्या दिवशी दाखवलंत तसंच."

थोरल्यांच्या कानशिलावरची शीर उडाली. आवाज त्यांनी वर नेला, बाहेरच्यांना ऐकू जाईल एवढा. "तुझ्या भल्याचं सांगतोय! ह्यांनी तार लावली की अडकून पडशील. बाहेर पड."

"कुठनं पडू?"

"आलीस तिथनंच!"

"कुठनं आले मी, भावजी?"

थोरल्यांचं तोंड उघडलं. हातही उठला होता, पट्ट्याकडे दाखवायला. फटीबाहेर मोजणीदार मान वर करून बघत होता, हे त्यांना त्याच क्षणी दिसलं. हात त्यांनी मिशीवर नेला.

जावई पुढं आला. गोडवा अजून होता, पण तळाला लागलेला. "काकू, वेळ जातोय आमचा. बाहेर या बरं, तार ओढायचीय."

धाकटी सावकाश सरळ झाली. कमरेवर हात ठेवला. "वाट दाखवा, येते."

मजुरांनी हातातलं भेंडोळं खाली ठेवलं.

"वाट नाही इथं," जावई म्हणाला. "मोजणी झालीय."

"तेच म्हणते मी. वाट नाही. मग मी येऊ कशी? दुसऱ्याच्या रानात पाय टाकला तर गुन्हा लावाल माझ्यावर."

पैलवान नाकातून हसला आणि शिंप्यानं त्याला कोपर मारलं. जावयानं चष्मा काढला. त्याचे डोळे इतक्या दिवसांत कुणी पाहिले नव्हते. लहान होते आणि थकलेलेही. तो मुकादमाकडे वळला.

"ओढा तार."

"साहेब, आत बाई आहे."

"ओढा म्हणतो ना!"

तार ओढली गेली. एक, मग दुसरी, तिसरी. ताणयंत्राच्या दातांचा कडकड आवाज झाला आणि फट मिटली. तेव्हा कुठं थोरल्यांच्या ध्यानात आलं, की आपण तारेच्या आतल्या बाजूला आहोत.

"अरे, थांबा! मला जायचंय!"

"कुठनं जायचंय बाबा?" मजुरानं विचारलं. त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. सोडायची तर कुठली तार सोडू, एवढंच त्याला हवं होतं.

"कुठनं म्हणजे? इथनं! इथनंच तर आमच्या बापापासनं..."

पुढचा शब्द ओठांवर आला आणि तिथंच थिजला. मोजणीदारानं खिशातलं पेन काढलं होतं. टोपण उघडलं होतं.

"बोला थोरले," तो अगदी हळू म्हणाला. "बापापासनं काय?"

थोरल्यांनी मोजणीदाराकडे पाहिलं, मग जावयाकडे. जावई चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला, गोल गोल. थोरल्यांनी मागं पाहिलं. मागं दरड होती, सरळ तुटलेली. बाजूला खाणीचा खड्डा. समोर तारेपलीकडे त्यांचं स्वतःचं रान, बापानं दगड वेचून केलेलं. एक वाक्य पुरं केलं असतं तर मजुरांनी तार सोडली असती. मोजणीदारानं लिहिलं असतं. आणि फाटकावर दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा बसला असता.

थोरल्यांनी टोपी काढून खिशात घातली. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. मग पांढऱ्याशुभ्र कपड्यांसकट ते मातीवर पालथे झाले आणि सगळ्यात खालच्या तारेखालून पोटावर सरपटायला लागले.

कुणी हसलं नाही. पैलवानसुद्धा नाही. शिंपी दुसरीकडे बघत होता. अर्ध्यावर थोरल्यांच्या सदऱ्याची पाठ काट्यात अडकली आणि ते जागीच खिळले, ना आत ना बाहेर. धाकटी पुढं झाली. टोकणीची काठी तिनं तारेखाली घातली आणि तार वर उचलून धरली.

"डावीकडनं भावजी. जपून, कानाला लागेल."

ते पलीकडे स्वतःच्या रानात उभे राहिले तेव्हा हनुवटीपासून गुडघ्यांपर्यंत मातीनं भरले होते. टोपी घालायची विसरून ते रस्त्याकडे चालू लागले, कुणाकडेही न बघता. मोजणीदार त्या वाळलेल्या मातीवर उमटलेल्या माणसाएवढ्या मागाकडे थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं पेनाला टोपण लावलं.

जावई जाताना मुकादमाला म्हणाला, "खालची तार उद्या आणखी ताणून घ्या." आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या एका लांबलचक ट्रककडे त्यानं बोट केलं. त्यावर बोअर मारायचं यंत्र होतं, एवढं उंच की गावात तसं कुणी कधी आणलं नव्हतं. "ते आत घ्या. शेवटच्या खांबाला लागून उभं करा."

शेवटच्या खांबापासून धाकटीची विहीर हाकेवर होती. तिनं यंत्राकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं आणि काठी उचलून पुन्हा वाकली. उजेड होता तोवर ओळ पुरी करायची होती.

ऊन कललं तसा पहिला मजूर तारेपाशी आला. हातात रिकामी बाटली. त्याला काय म्हणावं कळेना, म्हणून त्यानं ती नुसती उलटी करून दाखवली.

"या की," धाकटी म्हणाली.

तो थोरल्यांच्याच मागावरून आत सरकला. माती तिथं आधीच मऊ झाली होती. पोट भरून पाणी प्याला, बाटली भरून घेतली आणि परत जाऊन बाकीच्यांना सांगितलं असणार, कारण मग एकेक करत सगळेच आले. दिवेलागणीच्या सुमाराला त्यांच्यातच मिसळून नवराही आला, डबा दातांत धरून, कोपरांवर रांगत. आत येऊन कपडे झटकत म्हणाला, "दादा घरात दार लावून बसलेत."

"तुम्ही जेवलात का?"

"तुझ्याबरोबर जेवतो म्हटलं."

शेवटचा मजूर निघाला होता. जाता जाता तो तारेपाशी थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, इथं काटे फार लागतात. त्या तिकडं, खांबाच्या पलीकडं जमीन उतरती आहे. उद्यापासनं तिथनं येतो आम्ही. सोपं पडेल."

धाकटी डबा उघडायची थांबली.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "जागा बदलू नका. काटे मी काढून ठेवते. पण इथनंच या. रोज इथनंच."